ऑइल वाळल्यावर गडद भाग डल पडलाय, मदत हवी आहे (जरा लवकर)

नवा_कुंचला
नमस्कार मंडळी. ॲक्रिलिकनंतर आता ऑइल सुरू केलंय. स्टिल लाइफ आहे: तांब्याचं भांडं, काचेची बाटली आणि मागे गडद पडदा. ओला असताना पडदा मला हवा तसा खोल, काळाशार दिसत होता. वाळल्यावर त्याचा निम्माअधिक भाग करडा आणि खडूसारखा कोरडा झालाय, मधेच काही भाग चकचकीत राहिलाय. बाजूने उजेड आला की फारच वाईट दिसतं. भांडं मात्र मस्त जमलंय, तिथे काहीच झालेलं नाही. पडद्यावर तोच रंग पुन्हा लावून पाहिला, तोही तसाच मेला. क्लासचं प्रदर्शन तोंडावर आलंय आणि मला हेच चित्र लावायचंय. व्हार्निश मारलं की सगळं एकसारखं होईल ना? कोणतं मारू?

गेरू
व्हार्निशची बाटली आधी बाजूला ठेवा. काढलंय कशावर, कॅनव्हास की बोर्ड? जेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे, किती हात दिलेत? पडद्याचा रंग कशाने पातळ केला? आणि तो काळा नेमका कोणत्या रंगांचा आहे? एवढं कळलं की सांगता येईल.

झटपट_थर
ताई, मी तर म्हणेन ऑइलचा नाद सोडा. ॲक्रिलिकचा पातळ थर दहा-वीस मिनिटांत वाळतो, वर ग्लॉस मीडियमचा एक हात दिला की संपूर्ण चित्राला सारखी चमक. हे डल पडणं, महिनोनमहिने वाट बघणं, वासाने डोकं दुखणं, काहीच नाही. मी ऑइल सोडल्यापासून माझी चित्रं पूर्ण व्हायला लागली.

नवा_कुंचला
ॲक्रिलिकमध्ये पडद्याच्या घड्यांच्या कडा मऊ करता येत नव्हत्या, हात फिरवेपर्यंत रंग वाळलेला असायचा. म्हणून तर ऑइलकडे आले, परत जायचं नाहीये. @गेरू, बोर्ड आहे, जेसो लावलेला आहे. रंग चांगल्या दर्जाचे आहेत, तो प्रश्न नाही.

झटपट_थर
त्यासाठी रंगाचं वाळणं लांबवणारा रिटार्डर मिळतो की. ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर असलेलं पॅलेट वापरा, पॅलेटवरचा रंग दुसऱ्या दिवशीही ओला राहतो.

गेरू
पॅलेटवरचा राहील, चित्रावरचा नाही. ते असो. नवा_कुंचला, बोर्ड कसला? हात किती? पातळ कशाने केलंत? तिन्हीचं उत्तर अजून आलेलं नाही.

नवा_कुंचला
बरं, सविस्तर लिहिते. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला) बोर्ड, जेसोचा एक हात, पांढरं नीट दिसत होतं म्हणून थांबले. त्यावर ॲक्रिलिकच्या पातळ अंबरने (मातकट तपकिरी) रेखाटन आणि छायाप्रकाश. मग ऑइल. पडद्याला बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा, टर्पेंटाइनमध्ये चांगलं पातळ करून. तेल घातलेलं नाही, कारण खालचे थर तेलकट नसावेत असं वाचलं होतं. भांडं आणि बाटली ट्यूबमधल्या रंगाने थेट, जाड.

जुनी_पद्धत
ॲक्रिलिकवर ऑइल? दुखणं तिथेच आहे. दोन्ही वेगळ्या जातीचे रंग, एकमेकांना धरत नाहीत. आज डल दिसतंय, पुढे पापुद्रे सुटतील. बोर्ड घासून काढा आणि पहिल्यापासून ऑइलनेच करा. आमचे सर ॲक्रिलिकचा ब्रशसुद्धा ऑइलच्या ब्रशांजवळ ठेवू द्यायचे नाहीत.

थरावर_थर
जुनी_पद्धत, हे उलटं झालं. ऑइलवर ॲक्रिलिक चढवायचं नाही, हे बरोबर. ऑइल हवेतला ऑक्सिजन घेत फार सावकाश पक्कं होत जातं आणि त्या तेलकट थराला पाण्यातलं ॲक्रिलिक धड पकडत नाही. पण पातळ, मॅट ॲक्रिलिकवर ऑइल बसतं. आज बहुतेक लोक जो जेसो वापरतात तो ॲक्रिलिकच आहे, मग त्यावरही ऑइल चालायला नको!

जुनी_पद्धत
जेसोत खडूसारखी भर असते, त्याला दात असतात, रंग धरून ठेवायला जागा असते. ट्यूबमधल्या ॲक्रिलिकचा गुळगुळीत थर वेगळा. दोन्हींना एका मापाने मोजू नका.

थरावर_थर
गुळगुळीत, चकचकीत, जाड ॲक्रिलिकवर ऑइल नको, हे मलाही मान्य आहे. इथे मात्र पातळ अंबरचं रेखाटन आहे, तेही कडक बोर्डवर. त्यासाठी चांगलं चित्र घासून काढायला सांगणं मला पटत नाही.

स्वच्छ_ब्रश
नवशिक्यांनी एक कायम लक्षात ठेवावं: ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभा करून ठेवायचा नाही, केस वाकतात. आधी कापडाने रंग पुसायचा, मग साध्या तेलात घोळवायचा, पुन्हा पुसायचा आणि शेवटी साबण लावून तळहातावर फेस पांढरा येईपर्यंत धुवायचा. धातूच्या पट्टीजवळ केसांच्या मुळाशी रंग अडकतो, तो निघाला नाही तर केस फाकतात आणि धारदार रेघ मारताच येत नाही. वाळवताना आडवा ठेवा.

नवा_कुंचला
@स्वच्छ_ब्रश धन्यवाद, पण माझा ब्रश व्यवस्थित आहे. पडद्याचं काय करू ते कुणीतरी सांगा ना.

गेरू
सांगतो. ॲक्रिलिकवरून भांडू नका, मुख्य कारण ते नाही.

ऑइल रंग म्हणजे रंगद्रव्याचे कण आणि त्यांना धरून ठेवणारं तेल, बहुधा जवसाचं. कणांभोवती तेल भरपूर असलं की पृष्ठभाग सपाट राहतो आणि गडद रंग खोल दिसतो. तेल कमी पडलं की कण उघडे पडतात, त्यांवर उजेड सगळीकडे विखुरतो आणि तोच काळा करडा भासतो. म्हणजे तुमच्या रंगाची छटा बदललेली नाही, वरचं तेल गेलंय.

गेलं कुठे? एमडीएफ तेल पितो आणि जेसोचा एक हात त्याला पुरेसा अडवत नाही. जेसोही स्वतः थोडं पितो. त्यात तुम्ही टर्पेंटाइनने इतकं पातळ केलं की थरात तेल मुळात कमीच उरलं. अंबर आणि अल्ट्रामरीन दोन्ही डल पडण्यासाठी प्रसिद्ध आहेत. भांड्यावर जाड रंग आहे, त्यात ट्यूबमधलं तेल शाबूत आहे, म्हणून ते टवटवीत राहिलं. दुसरा हातही मेला, कारण तोही टर्पेंटाइनमधलाच असणार.

खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा नियम तुम्ही बरोबर वाचलात. पण त्यात दुसरा थरही टर्पेंटाइनचा असावा असं कुठे आहे? वर जाताना तेल थोडं थोडं वाढवायचं असतं.

आता करायचं काय. डल भागावर तेल चोळून घ्या. निम्मं जवसाचं तेल, निम्मं बिनवासाचं मिनरल स्पिरिट. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने अगदी पातळ लावायचं. काही मिनिटं थांबायचं. रंग परत उठलेला दिसेल. मग कोरड्या कापडाने जेवढं निघेल तेवढं सगळं पुसून काढायचं. आधी एका कोपऱ्यात करून बघा.

एक अट: थर हाताला पूर्ण कोरडा हवा. कापडाला रंग लागला तर त्याच क्षणी थांबा.

जुनी_पद्धत
तेल चोळून तसंच सोडणं मला बरोबर वाटत नाही. जवसाचं तेल वर्षं गेली की पिवळं पडतं आणि मग ते काढताही येत नाही, चित्राचाच भाग होऊन बसतं. त्यापेक्षा रिटच व्हार्निशचा, म्हणजे पातळ तात्पुरत्या व्हार्निशचा, झिरझिरीत हात द्यावा. पक्कं व्हार्निश सहा महिने ते वर्षाने.

गेरू
इथे तुमचं म्हणणं रास्त आहे. तेल चोळून पुढे रंगवणार असाल तर उत्तम, कारण ते नव्या थराखाली जातं. चित्र पूर्ण झालेलं असेल तर रिटच व्हार्निश बरं. नवा_कुंचला, पडद्यावर अजून काम उरलंय का?

नवा_कुंचला
हो, घड्यांचा प्रकाश अजून टाकायचाय. आधी हे डल पडणं थांबावं म्हणून तसाच ठेवलाय.

गेरू
हे आधी कळलं असतं तर निम्मे प्रतिसाद वाचले असते! मग तेलच चोळा, पुसा आणि त्याच ओलसर पृष्ठभागावर घड्या रंगवा. ब्रश सहज सरकेल, कडा मऊ करायला वेळही मिळेल. रंगात टर्पेंटाइन नको, तेलाचा एखादा थेंब चालेल.

रंगद्रव्य_वाचक
घड्यांच्या प्रकाशाला पांढरा कोणता घेताय? ट्यूबच्या मागचा कोड बघा. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम. पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक, तो ऑइलमध्ये वर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो. पुष्कळ मिश्र पांढऱ्यांत झिंक असतो, म्हणून नाव न वाचता कोड वाचावा. सगळ्याच रंगांना हे लागू, काही रंग तर उडूनही जातात. व्हॅन गॉगने १८८८ साली रंगवलेल्या त्याच्या शयनकक्षाच्या भिंती मुळात जांभळट होत्या, त्यातला लाल उडाला म्हणून आज त्या निळ्या दिसतात.

थरावर_थर
रंग उडणं वेगळं आणि डल पडणं वेगळं, नवीन माणूस गोंधळेल. पण कोड वाचायच्या सवयीला +१.

अल्पपॅलेट
पडद्याला अंबर-अल्ट्रामरीनऐवजी आयव्हरी ब्लॅक का नाही घेतला? स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न बरंच काम काळा, पांढरा, पिवळा गेरू आणि शेंदरी या चारांवर काढायचा. काळ्यात पांढरा मिसळला की निळसर झाक येते, वेगळा निळा लागतच नाही. नवशिक्याने वर्षभर एवढ्याच रंगांत काम करावं, डोळा तयार होतो.

गेरू
पॅलेट चांगलं आहे, पण आयव्हरी ब्लॅक अंबरपेक्षा खूप सावकाश वाळतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते वाळायला मदत करतं. प्रदर्शन जवळ असताना इथे अंबरच बरा.

नवा_कुंचला
कोपऱ्यात करून पाहिलं. एका मिनिटात काळा परत आला, अगदी ओला असताना दिसायचा तसा! बोट लावलं तर कोरडं आहे. पण भांड्याच्या जाड कडेवर नख टेकवलं तर आत दबतंय. तिथेही तेल लावू का?

गेरू
नाही. भांडं डल नाहीच, तिकडे हात लावू नका. आतून अजून मऊ आहे, म्हणून पक्कं व्हार्निशही आत्ता नाही. प्रदर्शनात व्हार्निशशिवाय लावा, काही बिघडत नाही. फक्त वर काच ठेवून बंद करू नका आणि उचलताना कडेला धरा.

थरावर_थर
आणि ते कापड! जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. तेल वाळताना उष्णता निघते, चुरगळलेल्या कापडात ती साचते आणि कापड आपोआप पेटू शकतं. उघड्यावर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. खिडकी उघडी असू द्या.

नवा_कुंचला
बाप रे, कापड टेबलाखाली टाकलं होतं. आत्ताच गॅलरीत पसरलं. पुढच्या बोर्डला जेसोचे किती हात देऊ?

गेरू
तीन पातळ. कडा आणि मागची बाजूही बंद करा. प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिशपेपर. तरीही पितोय असं वाटलं तर वरून ॲक्रिलिक मॅट मीडियमचा एक पातळ हात द्या, शोषण कमी होतं. ऑइल लावण्याआधी जेसोला निदान एक दिवस, जमलं तर तीन दिवस द्या.

जुनी_पद्धत
आणि रेखाटन कोळशाने करा. ॲक्रिलिकने नको.

थरावर_थर
ॲक्रिलिकने केलं तरी चालेल. पातळ ठेवा, मॅट ठेवा, पूर्ण वाळू द्या.

झटपट_थर
माझाही एक प्रश्न आहे. ॲक्रिलिक वाळल्यावर ओल्यापेक्षा थोडं गडद होतं, तर त्वचेचा रंग जुळवायचा कसा?

गेरू
ओलं असताना त्याचा बाइंडर दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो, म्हणून गडद दिसतं. कागदाच्या तुकड्यावर ठिपका वाळवून मगच जुळवा. बाकीचं नवीन धाग्यात विचारा, मी येतो तिकडे.