मदत हवी आहे: पिशवीवाला सिलिंडर व्हॅक्यूम क्लीनर ठेवू की परत करू? (तातडीचं)

घाईगर्दी
नमस्कार मंडळी. पाल्हाळ न लावता सांगतो. पिशवीवाला व्हॅक्यूम घेऊन आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी असा ओढत होता की पायपुसणं उचलून नेलं. आता नुसता बोंबलतोय, ओढत काही नाही. झाकण उघडून पाहिलं तर पिशवी पावसुद्धा भरलेली नाही, तरी पिशवी भरल्याचं दाखवणारी वरची खिडकी लाल! सोबत सहा तोंडं आली आहेत. त्यातली दोन कशाची, ते माहितीपुस्तिकेतल्या चित्रांवरून कळत नाही. परत करायची मुदत परवा संपते. ठेवू की परत करू? वापरलेल्यांनीच सांगा. ‘शोधून बघ’ म्हणू नका, शोधून झालंय.

शंकासूर
सिलिंडर म्हणजे? गॅसवर चालतो की काय?

भिंगरी
@शंकासूर, नाही हो. चाकांवरचा डबा मागून फरफटत येतो आणि पुढे नळी-दांडी असते, तो प्रकार. काही जण त्याला कॅनिस्टर म्हणतात.
@घाईगर्दी, फरशी कसली आहे? गालिचे आहेत का? घरात केसाळ प्राणी? कोणतं तोंड लावून ओढताय? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

झाडूप्रेमी
झाडू घ्या. पिशवी नाही, लाल खिडकी नाही, परतीची मुदत नाही.

निवांत७
मी आधीच सांगितलं असतं, पिशवीवाला घेऊच नका. माझा बिनपिशवीचा आहे. पारदर्शक डबा, भरला की दिसतो, ओतला की संपलं. जन्मभर पिशव्या कोण विकत घेणार? परत करा आणि बिनपिशवीचा आणा.

घाईगर्दी
@भिंगरी, फरशी साधी, टाइल्सची. बैठकीत एक गालिचा. प्राणी नाही, एक मुलगी आहे, केस तिचेच. तोंड मोठंवालं, ज्याला पायाने दाबायची पट्टी असते.
@निवांत७, विचारलंय काय, सांगताय काय!

स्क्रूड्रायव्हर
आवाजाचं नीट सांगा. पहिल्या दिवसापेक्षा चढलाय की दबलाय?

मोजपट्टी
किती वॅटचा आहे ते आधी सांगा. कमी वॅटचा असेल तर हे व्हायचंच. माझ्याकडे जुना २००० वॅटचा आहे, अजून पडदे खेचतो.

भिंगरी
वॅट म्हणजे मोटर खाते ती वीज. तोंडाशी किती हवा पोचते ते त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली. तिथली घरं काही धुळीने भरली नाहीत, चांगल्या कंपन्यांनी पंखे आणि तोंडं सुधारली.

मोजपट्टी
कागदावर सगळं छान असतं हो. त्याच युरोपात व्हॅक्यूमवरचं ऊर्जेचं लेबल २०१८ साली न्यायालयाने रद्द केलं, का ते माहीत आहे ना? चाचणी रिकाम्या पिशवीवर घेत होते म्हणून. रिकामी पिशवी असताना सगळेच पैलवान. आणि धागाकर्त्याचं दुखणं नेमकं तेच आहे. पहिल्या दिवशी वाघ, आठव्या दिवशी मांजर.

भिंगरी
हे मात्र मान्य. पण मग वॅट कशाला विचारलेत?

घाईगर्दी
@स्क्रूड्रायव्हर, आवाज चढलाय. शिट्टीसारखा. काल वीस मिनिटांत आपोआप बंदही पडला, अर्ध्या तासाने सुरू झाला. मोटर गेली ना? करतोच परत.

स्क्रूड्रायव्हर
थांबा, घाई करू नका. मोटर गेली नाही, ती उपाशी आहे.

या यंत्रात हवेची वाट एकच: तोंड, दांडी, नळी, पिशवी, मोटरच्या आधीचा फिल्टर, मोटर, मागचा फिल्टर, बाहेर. कुठेही वाट अडली की पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही. भार हलका झाला की मोटर जास्त वेगाने फिरते, म्हणून आवाज चढतो. लोकांना वाटतं जोर लावतेय, पण उलट असतं. अशा वेळी वीजसुद्धा कमी खाते. आणि हीच हवा मोटरला थंडही ठेवते. ती कमी झाली की मोटर तापते आणि आतला तापरक्षक ती बंद करतो. तुमचं बंद पडणं म्हणजे बिघाड नाही, राखण आहे.

आता असं करा. यंत्र पूर्ण जोरावर ठेवा आणि नळी डब्यातून काढून डब्याच्या भोकाशी तळवा धरा. तिथेच ओढ नसेल तर दोष पिशवीत किंवा फिल्टरमध्ये. तिथे ओढ असेल तर नळी जोडून नळीच्या टोकाशी बघा, मग दांडीच्या, मग तोंडाच्या. जिथे ओढ मरते तिथे अडलंय. आणि लाल खिडकी कधी बघता? तोंड फरशीवर असताना? ती फक्त दाबातला फरक दाखवते. तोंड हवेत उचलून, पूर्ण जोरावर बघायची. गालिच्यावर चिकटलेलं असताना नवी पिशवीही लाल दाखवेल.

पानगळ
आमच्याकडे रोबो आहे. गोल असतो तो. रोज सकाळी आपणच फिरतो, आपणच जागेवर जातो. फक्त मोज्यांपासून सांभाळावं लागतं. विचार करा.

शंकासूर
पिशवी धुऊन वाळवली तर चालेल ना? आमच्या शेजारचे धुतात.

मधुमालती
कागदाची असेल तर मुळीच नाही. हल्लीच्या कापडासारख्या दिसणाऱ्या थरांच्या पिशव्याही एकदाच वापरायच्या. धुतलं की थर विसकटतात, मग बारीक धूळ आरपार मोटरवर. झिप लावलेल्या कापडी पिशव्या धुता येतात, पण झटकताना सगळी धूळ आपल्याच नाकात.

आणि @निवांत७, तुमचा डबा ओतला की संपतं म्हणता, माझं तिथेच सुरू होतं. मला धुळीची ॲलर्जी आहे. डबा ओतताना जो ढग उठतो त्यात माझी रात्र जाते. पिशवीला झाकणी असते, ती ओढायची आणि पिशवी अख्खी टाकायची. फिल्टरही बघा. युरोपीय मानकात एच१३ दर्जाचा फिल्टर, जो आकार अडवायला सर्वांत अवघड त्या कणांपैकीही ९९.९५ टक्के अडवतो.

निवांत७
ताई, एच१३ बिनपिशवीवाल्यातही मिळतो. आणि ओतायचं घराबाहेर, वारा बघून.

मधुमालती
आणि तुमच्या बिनपिशवीवाल्यातला फिल्टर धुऊन चोवीस तास वाळवता ते? तेवढा वेळ यंत्र बंदच ना?

निवांत७
दोन फिल्टर ठेवतो.

मधुमालती
म्हणजे तुम्हीही विकतच आणता की!

भिंगरी
दर्जावर एक: फिल्टर कितीही भारी असला तरी डब्याच्या झाकणाची रबरी कडा सैल असेल तर हवा बाजूने पळते. @घाईगर्दी, पिशवी काढल्यावर त्या कप्प्यात बोट फिरवा. धूळ लागली तर पिशवी नीट बसली नव्हती किंवा फाटलीय. नवीन यंत्र जोखताना मी आधी हेच बघते. खोक्यावर काय छापलंय ते नंतर.

घाईगर्दी
कप्प्यात पांढरी भुकटी आहे, पातळ थर. डब्याच्या भोकाशीच ओढ नाही. आता तरी सांगा.

स्क्रूड्रायव्हर
पांढरी? घरातली धूळ करडी असते. आठ दिवसांत काय काय ओढलंत?

घाईगर्दी
काय म्हणजे? धूळच. घराला रंग काढला, त्याआधी भिंती घासल्या होत्या. ती पावडर सगळीकडे बसलेली. त्यासाठीच तर यंत्र आणलं.

स्क्रूड्रायव्हर
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं राव!

मोजपट्टी
😂 वीस प्रतिसादांनंतर.

स्क्रूड्रायव्हर
पिशवी हाच पहिला फिल्टर असतो. केस, धागे, कचरा आला की त्यांचा सैलसर गोळा बसतो, मधून हवा जात राहते. भिंतीची पुट्टी, प्लास्टर, सिमेंट यांची भुकटी इतकी बारीक की ती पिशवीच्या छिद्रांतच जाऊन बसते. पिशवी डोळ्यांना रिकामी दिसते आणि हवेसाठी बंद असते. तुमची लाल खिडकी खोटं बोलत नव्हती.

नवी पिशवी घाला. मोटरच्या आधीचा फिल्टर (पिशवीच्या मागे जाळीत असतो) काढून बघा. तो स्पंजचा असेल आणि पुस्तिकेत धुवा म्हटलं असेल तर धुऊन पूर्ण वाळवा. ओला अजिबात बसवू नका. कापडी असेल तर बदला. अशा कामासाठी वर्कशॉपचं मोठ्या फिल्टरचं यंत्र असतं, घरातलं नाही. छपाईयंत्राचा टोनर आणि गरम राखही घरातल्या यंत्राने ओढू नका. राखेत निखारा असला तर पिशवीच पेट घेते.

झाडूप्रेमी
झाडूला निखाऱ्याचं भय नाही.

भिंगरी
झाडूला पण असतं हो. 🙄

मधुमालती
एक अप्रिय बोलू? पुट्टी ओढून ‘खराब निघाला’ म्हणून परत करणं बरोबर नाही. दोष यंत्राचा नाही. उद्या तेच यंत्र पुसून दुसऱ्या कोणाला मिळेल.

घाईगर्दी
ताई, मला काय माहीत होतं? खोक्यावर हसरी बाई भिंतीजवळच उभी दाखवलीय. असो. सोबत एक जादा पिशवी आली होती, ती लावतो. फिल्टर स्पंजचाच आहे, धुतला. आता तोंडांचं सांगा तोवर. १) मोठं, पट्टीवालं २) चपटं लांब चोचीसारखं ३) छोटं रुंद, लाल धाग्यांच्या पट्ट्यांचं ४) गोल, लांब केसांचं ५) पोटात फिरता ब्रश असलेलं, त्याला वायर नाही ६) रुंद, बसकं, मऊ केसांचं.

भिंगरी
आता कुठे धागा रुळावर आला.

मोठ्याच्या पट्टीवर दोन खुणा असतील. टाइल्सवर ब्रश खाली आणायचा, गालिच्यावर वर घ्यायचा. पुष्कळ जण उलटं करतात आणि गालिच्यावर ढकलता ढकलता खांदा धरतो. तरीही चिकटत असेल तर जोर कमी करा किंवा मुठीजवळची सरकती झडप थोडी उघडा.

चोच: सोफ्याच्या फटी, खिडकीच्या रुळांसाठी. तोंड अरुंद म्हणून तिथे वारा जोरात, पण एकूण हवा कमी जाते. तिने अख्खी खोली काढायला जाऊ नका. लाल पट्ट्यांचं गादी-सोफ्यासाठी, त्या पट्ट्या केस पकडतात. गोल लांब केसांचं पुस्तकं, दिवे, चौकटी यांना. सहावं लाकडी फरशीसाठी, टाइल्सवरही छान चालतं. मला विचाराल तर तुमच्या घरात रोजचं तोंड हेच.

स्क्रूड्रायव्हर
पाचवं टर्बो ब्रश. त्याला वेगळी मोटर नसते, आत येणाऱ्या हवेवरच चक्र फिरतं. म्हणून थोडी ओढ तोच खातो. गालिच्यातले केस काढायला उत्तम, टाइल्सवर मात्र दाणे मागे उडवतो. खूप जाड गालिच्यावर अडखळेल. मुलीचे केस रुळाला गुंडाळले जातील, ते कात्रीने आडवे कापून काढा. एक फायदा असा की हवा कमी झाली की सगळ्यात आधी हाच मंदावतो, तुमच्या लाल खिडकीच्याही आधी.

शंकासूर
माझ्या जुन्या यंत्राची तोंडं याला बसतील का?

भिंगरी
दांडीचा व्यास मोजा. बहुतेक ३२ किंवा ३५ मिलिमीटर असतात. तीन मिलिमीटरसाठी टेप गुंडाळण्याचे प्रयोग करू नका, जोडातून हवा गळते. जुळवणी मिळते. पण धागा दुसऱ्याचा आहे. 🙂

मोजपट्टी
जोखायचंच असेल तर माझी रीत: फरशीच्या सांध्यांत बारीक वाळू टाकायची आणि एका दमात, दाब न देता तोंड पुढे न्यायचं. सांध्यात किती उरली ते बघायचं. मग भिंतीच्या कडेला तेच. बऱ्याच तोंडांची कडेची पट्टी कोरडीच राहते. कागदाचा कपटा किंवा जड गोळा उचलून दाखवणं हा निव्वळ तमाशा आहे. भोक बंद असतानाची ओढ वेगळी आणि हवा वाहत असताना धूळ उचलणं वेगळं.

भिंगरी
आता तुम्ही माझंच बोलताय.

मोजपट्टी
वॅटचं मी मागे घेतलेलं नाही.

घाईगर्दी
अपडेट. फिल्टर रात्रभर वाळवला, नवी पिशवी लावली. आवाज उतरला, खिडकी हिरवी. पायपुसणं पुन्हा उचललं! आणि एक कबुली: मुठीजवळची ती सरकती झडप पूर्ण उघडी होती. मुलीने उघडली असावी, किंवा मीच.

वाळूची चाचणी केली. सहाव्या तोंडाने सांधे साफ, मोठ्याने कडेला बोटभर पट्टा राहतो. टर्बोने गालिच्यातून इतके केस काढले की लाज वाटली. नळी मात्र वळली की डबा उलटतो, आणि दांडी उभी टेकवायची खाच ढिली आहे, दोनदा पडली. उरलेली पुट्टी ओल्या फडक्याने पुसतोय.

मधुमालती
रात्रभर म्हणजे किती तास? आतून ओला असेल तर वास धरेल.

घाईगर्दी
दहा तास. दाबून बघितला, कोरडा आहे.

भिंगरी
मग आता एकच बघा, आणि आजच. या आकाराच्या पिशव्या सहज मिळतात का? पुढचा पुठ्ठा कंपनीगणिक वेगळा असतो. पिशवीच मिळेनाशी झाली तर चांगलं यंत्रही अडगळीत जातं. मिळत असतील तर ठेवा.

घाईगर्दी
मिळतात, दोन कंपन्यांच्या. पाचाचा संच मागवला. ठेवतोय. सगळ्यांचे आभार, @स्क्रूड्रायव्हर यांचे विशेष.

निवांत७
पाच पिशव्या. सुरू झाला खर्च.

पानगळ
पुट्टीला रोबो चालेल का? आमच्याकडेही रंग काढायचाय.

स्क्रूड्रायव्हर
नाही!!