शब्दचर्चा: योगायोग, दैव, नियती, ऋणानुबंध

कानामात्रा: एका कौटुंबिक कथेतलं वाक्य आहे: ‘नियतीच्या योगायोगाने दोघांची एसटी स्टँडवर गाठ पडली.’ हे दोन शब्द एकत्र चालतील का?

बोरू: नाही. योगायोगात दोन गोष्टी एका वेळी घडतात, पण एकीमुळे दुसरी घडलेली नसते. संस्कृतातला काकतालीय न्याय तो हाच. आपण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ म्हणतो. नियती म्हणजे आधीच ठरलेलं. एक शब्द दुसऱ्याला खोडतो. ‘नियतीच्या’ काढा. खरं तर ‘अवचित गाठ पडली’ एवढं पुरे.

उंबरठा: त्याआधी बोलतंय कोण ते बघा, निवेदक की पात्र? ‘नियती’ हा पुस्तकी शब्द. कथेतली आजी ‘नशिबात होतं’, ‘भोग आहेत’, ‘सटवाईनं लिहिलंय ते चुकतंय का’ असंच म्हणणार. पाचवी-सहावीला बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवणाऱ्या घरात दैव हा लिहिलेला मजकूर असतो.
क्रियापदंही सांभाळा. नशीब फळफळतं, उघडतं, फुटकं निघतं. दैव फिरतं, आडवं येतं. प्रारब्ध भोगून संपवायचं असतं. योगायोग जुळून येतो. नियती स्त्रीलिंगी, म्हणून लेखक तिची लगेच बाई करतात आणि ती ‘क्रूर थट्टा’ करू लागते. हे इतकं झिजलंय की दिसलं की कापावं.

वेलांटी: नशीब अरबीतून आलं, मूळ अर्थ वाटा. भाग्यातही ‘भाग’ आहेच. भाऊबंदकीच्या कथेत वाटणीच्या प्रसंगी हे दोन शब्द आपोआप दुहेरी वाजतात, तिथे ‘नियती’ वाया जाते.

कानामात्रा: पण योगायोगावर कथानक उभं राहतं का? वाचक ‘हे बरं जमलं’ म्हणतो.

बोरू: गुंता करणारा योगायोग वाचक खपवून घेतो, सोडवणारा नाही. ‘शाकुंतल’ उलगडून बघा. महाभारतातल्या मूळ कथेत शापही नाही, अंगठीही नाही; दुष्यंत सगळं आठवत असूनही नाकारतो. कालिदासाने चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप आणला आणि ओळखीचा दागिना दाखवला की शाप सरेल, ही अटही तिथेच घातली. दोघी सख्या हे शकुंतलेपासून लपवतात. हा योगायोग नव्हे, माणसांचा निर्णय. निव्वळ योगायोग दोनच: शचीतीर्थाच्या पाण्यात अंगठी गळणं आणि ती गिळलेला रोहित मासा कोळ्याच्या हाती लागणं. दुसरा योगायोग गुंता सोडवतो, तरी खटकत नाही, कारण अंगठीचं काम काय ते प्रेक्षकाला दोन अंक आधीपासून ठाऊक असतं. सातव्या अंकात मुलाची ओळख पटते ती तर त्याच्या मनगटावरच्या ताईताने. आईबाप आणि तो मुलगा स्वतः यांच्याखेरीज कुणी तो पडलेला ताईत उचलला तर ताईताचा साप होतो, आणि दुष्यंत उचलतो तेव्हा काहीच होत नाही. तिथे योगायोगाला जागाच ठेवलेली नाही.

वेलांटी: अवांतर, पण उपयोगी. रवींद्रनाथांच्या ‘योगायोग’ (1929) या कादंबरीचं नाव वाचून मराठी वाचक चकतो. बंगालीत योगायोग म्हणजे संपर्क, संबंध. मासिकातून क्रमशः येऊ लागली तेव्हा सुरुवातीला तिचं नाव ‘तीन पुरुष’ होतं, म्हणजे तीन पिढ्या. कुमुदिनी मधुसूदनाचं स्थळ दैवी संकेत मानून स्वीकारते, आणि संसार विस्कटतो तो दोघांच्या स्वभावामुळे आणि दोन घराण्यांच्या जुन्या वैरामुळे. शेवटी ती परत जाते तेही दिवस गेल्यामुळे. आपल्या अर्थाचा योगायोग त्यात शोधायला गेलात तर फारसा सापडणार नाही.

कानामात्रा: माझ्या वाक्यात ‘ऋणानुबंध’ बसेल?

उंबरठा: पहिल्या भेटीच्या वर्णनात नको. ऋणानुबंध मागे वळून पाहताना कळतो: माणूस गेल्यावर, घर सोडताना, शेजार तुटल्यावर. रक्ताच्या नात्यापेक्षा जिथे नातं सांगता येत नाही तिथे तो जास्त शोभतो.

कानामात्रा: पुढच्या प्रकरणात सासू याच भेटीबद्दल बोलते. तिच्या तोंडी ‘योगायोग होता’ ठेवलंय.

उंबरठा: ‘योगच होता’ करा. ‘लग्नाचा योग’, ‘भेटीचा योग नव्हता’ यांत योग म्हणजे ठरलेलं. ‘योगायोग’ म्हटलं की ठरलेलं काहीच नव्हतं असा अर्थ होतो. तुमची सासू पत्रिका बघणारी आहे ना?