अनुभव धागा: "जाता जाता तेवढं करून द्या ना भाऊ"

तारजोड्या: काल पुतण्याचा फोन आला. पुसदकडं एका घराचं वायरिंग त्यानं पॉइंटच्या हिशोबानं घेतलं. काम उरकत आलं तं मालक म्हणे, "विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टरही पाहून घे, तुह्याच हातचं काम आहे." पोरगं रडकुंडीला आलं होतं. मले माझे जुने पाटील आठवले. त्यांच्या घरी नुसते पंखे लावायचे ठरले होते. मग इन्व्हर्टर, मग गोठ्यात बल्ब, मग पोळ्याले मारुतीच्या देवळावर माळा. चहा इतका फर्मास, की पैशाचं तोंडातून निघेना. शेवटी पाटलीणबाईंनीच आतून आवाज दिला, "अहो, त्या पोराचा हिशोब करा आधी!" तुमच्याकडं असं झालं तं काय करता? लिहा.

शिलाईताई: ब्लाउज न्यायला आल्या की, "साडीले फॉल-पिको केलंच अशीन ना?" वर, "उरलेल्या कापडात पोरीचं झबलं बसवा." आता माप घेतानाच काय काय शिवायचं ते त्यांच्याच हातानं वहीत लिहून घेते. सासूबाई अन् जावा काही त्या वहीत बसत नाहीत 😄 दूध उतू चाललं, येते.

थ्रेशरवाला: आमचा भाव पोत्यावर. सोयाबीन निघालं की काका म्हणते, "आलाच आहे तं कुटारही (भुसा) गोठ्यात नेऊन टाक." डिझल कोनाच्या बापाचं? मी नाई म्हनतच नाई. "टाकतो ना काका, खेपेचे इतके होतीन." मंग काका म्हणते, "राहू दे, पोट्टे नेतीन."

सेतूवाला: सातबारा 15 रुपयांचा. हातात पडला की, "पीएम किसानचे 2000 आले का पाह्य." तेवढं पाहतो, त्याचं काही नाही. मग, "आधारले मोबाइल जोड." ते माझ्याकडं होतच नाही. मग, "ई-पीक पाहणी करून टाक, ऑनलाइनच तं आहे." अरे बाप्पा, त्याले शेतात उभं राहून फोटो काढा लागते! दुकानात बसून मी कोणाच्या पराटीचा फोटो काढू? एका आजोबांनी तं मले मोटरसायकलवर बसवून शेतात नेलं. पिशवीभर वांगे देले. इकडं दुकानापुढं रांग लागलेली.

रोडगेप्रेमी: वांगे भरताचे होते का?

सेतूवाला: हाव ना! भरीत केलं, रोडगे राहिले.

जुना ठेकेदार: सरकारी कामात हे बरं आहे. नवीन बाब निघाली की साहेबाचं लेखी पाहिजे, अन् एमबीत (मापाच्या सरकारी वहीत) माप चढलं नाही तं बिलही नाही. बी-1 निविदेत (सरकारी कामाच्या ठेक्याचा एक नमुना) मापं 25 टक्क्यांपलीकडं गेली की क्लॉज 38 काढता येतो, म्हणजे वाढीव मापाचा दर वेगळा मागता येतो. घरच्या बांधकामात कुठला क्लॉज? मालकीणबाई रोज येणार, "इथं कोनाडा काढा, तिथं ओटा हातभर वाढवा." करार कायद्यात (1872 चा) कलम 70 आहे. फुकट द्यायच्या इराद्यानं केलेलं नसलं अन् समोरच्यानं त्याचा फायदा घेतला, तं मोबदला द्यावा लागतो. पण ओट्यासाठी कोर्टात जाणार कोण? मी बाजाराच्या दिवशी मजुरांचा चुकारा करतो, त्याच दिवशी वाढीव कामाचा आकडा मालकाच्या मोबाइलवर टाकतो. आठवडाभरात बोलले नाही तं मंजूर. महिनाभरानं सांगितलं की भांडण ठरलेलं.

तारजोड्या: काका, हे पुतण्याले पाठवतो. निळी टिक आली की पुरे ना?

जुना ठेकेदार: "ठीक आहे" एवढं तरी लिहून घे. निळ्या टिकेवर लोक म्हणते नातवानं पाहिलं.

गावातून_कोडिंग: माझे गिऱ्हाईक पुण्याचे, तऱ्हा तीच. पाच पानांची वेबसाइट ठरते, मग "छोटंसं" पेमेंट, मग "छोटंसं" ॲप. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या फुकट, पुढं तासाचा दर, हे कोटेशनमध्येच टाकतो. तरी रविवारी रात्री फोन येतोच. लाइट गेली, बाकी नंत

शिलाईताई: लाइट आमच्याकडंही गेली. वाशिमकडं आभाळ भरून आलं आहे, कोणाची कापलेल्या पिकाची सुडी उघडी असेल तर झाका.

रोडगेप्रेमी: आमची चार एकराची आहे! थ्रेशरवाले भाऊ, मशीन कधी मोकळी आहे?

थ्रेशरवाला: परवा. पाऊस आला तं पुढं जाईन. ताडपत्रीले दगड ठेवा, वारं सुटलं आहे.