मदत हवी आहे: झाडीपट्टीतील कलावंताची 15 वर्षांची नाट्यसेवा कागदावर कशी सिद्ध करावी?

नमस्कार. माझे काका गडचिरोली जिल्ह्यात धानाची शेती करतात आणि गेली 22 वर्षे झाडीपट्टी रंगभूमीवर खलनायकाच्या भूमिका करत आले आहेत. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेसाठी त्यांचा अर्ज भरायचा आहे. त्यासाठी वयाची 50 वर्षे उलटलेली असावी लागतात आणि कलाक्षेत्रातील किमान 15 वर्षांचे योगदान दाखवावे लागते. वयाची अडचण नाही, पुराव्याची आहे.

ज्यांना झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातील धानाचा पट्टा आणि तिथली नाटके, परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की गावोगावची मंडळे गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाट्यसंस्थांकडे नाटक ठरवतात, ते रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, आणि होळीच्या सुमारास हंगाम आटोपला की बहुतेक कलावंत पुन्हा आपापल्या बांधीत (धानाच्या शेतात) किंवा कामावर परततात. काकांना प्रत्येक प्रयोगाचे मानधन रोख मिळते. त्याची ना पावती असते, ना लेखी करार. एका कार्यालयात त्यांचा सातबारा पाहून, "तुम्ही शेतकरी आहात, नाटक हा तुमचा छंद झाला," असे सांगण्यात आले. काका त्यावर काहीच बोलले नाहीत, याचे मला फार वाईट वाटले. हंगामभर रात्री जागून, मोबदला घेऊन काम करणाऱ्या माणसाला केवळ हौशी कसे म्हणावे? याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली होती.

घरातल्या लोखंडी पेटीत नाटकांची गुलाबी-पिवळी पत्रके जपून ठेवलेली आहेत आणि त्यांवर काकांचे नाव आहे. मात्र बहुतेकांवर वार व तारीख आहे, साल नाही. एका पत्रकावर "शुक्रवार, दि. 12 जानेवारी" असे छापले आहे, कॅलेंडर तपासले तर 2007, 2018 आणि 2024 या तिन्ही वर्षी ही तारीख शुक्रवारीच येते.

अशा पत्रकांसोबत आयोजक मंडळाचे किंवा ग्रामपंचायतीचे पत्र जोडले, तर ते ग्राह्य धरतात का? नाट्यसंस्थेच्या मालकाने आज दिलेला दाखला मागच्या वर्षांसाठी चालतो का? अर्जातील व्यवसायाच्या रकान्यात शेती आणि नाट्यकला असे दोन्ही लिहावे का? दशावतार, तमाशा किंवा भजनी मंडळातील ज्यांनी शेती वा नोकरी सांभाळून हा अर्ज मंजूर करून घेतला आहे, त्यांनी कोणती कागदपत्रे जोडली होती ते कृपया सविस्तर कळवावे.