गाड्या वाहायची ट्रॉली: बांधून घेतली की तयार घेतली? अनुभव सांगा

शिरोलीपलीकडचा
काल संध्याकाळी राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडल्याचा मेसेज आला आणि २०१९ चा ऑगस्ट पुन्हा अंगावर आला. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, आणि त्या साली पाणी ५५ च्याही वर. दादांची ऊस ओढायची ट्रॉली होती. आधी म्हातारी माणसं न् लेकरं, मग जनावरं. शेवटी दादा म्हणाले, "आता गाड्या घ्या रे, लोकांचे हप्ते फिटायचेत अजून." ट्रॉलीची फळी उंच, चढवायला रॅम्प नाही. चौघांनी धरून एकेक मोटारसायकल वर घ्यायची. दूध घालणाऱ्या एक काकी होत्या, त्यांनी सबंध वाटेत आपल्या मोपेडचं हँडल सोडलं नाही.

दादा गेले, ट्रॉलीही विकली. आता मला एक हवी आहे. बुटकी, रॅम्पवाली, घरची जुनी जीप बसेल अशी, आणि वेळ आली तर गल्लीतल्या गाड्या बाहेर काढता येतील अशी. ज्यांनी बांधून घेतली किंवा तयार घेतली त्यांनी मनापासून सांगा. सुचेल ते लिहा, क्रम नको.

उद्यमनगर
बांधून घ्या, पण समोर उभं राहून. जुनी सीजे जीप हजार-अकराशे किलोच्या आसपास धरा, लांबी अकरा फुटांच्या आत. फळी १२ बाय ६ फूट पुरते. मेन चॅनल (इंग्रजी सी आकाराचं लोखंड) १०० बाय ५० मिमीचा घ्या, मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो. आडव्यांना ७५ चा चालतो. चाकं फळीखाली नकोत, दोन्ही बाजूंना बाहेर काढा न् मडगार्ड लावा, तरच ट्रॉली बुटकी होते.

सगळ्यात महत्त्वाचं, वेल्डिंग. घाईतला कामगार चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा टाका मारतो. चीर तिथूनच सुरू होते आणि रंगाखाली दिसत नाही. टाका चॅनलच्या उभ्या पोटाला घ्यायचा. ड्रॉबार, म्हणजे हुकाकडं जाणारा पुढचा दांडा, फळीच्या पुढच्या तोंडाला नुसता चिकटवू द्यायचा नाही, दोन-तीन आडव्या चॅनलांच्या खालून मागं ॲक्सलकडं न्यायचा. आमच्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या ट्रॉल्या बघा, बहुतेक तिथंच तुटलेल्या.

चिखलीकर
दादांना नमस्कार. आम्ही पुरातनं सोनतळीला गेलो तेव्हा ट्रॉलीवाल्यांनी भाडं विचारलं पण नाही. म्हशी चढेनात, अंधार पडलेला, माझी आई म्हशीशी बोलत बोलत चढली तेव्हा ती मागनं आली

मिसळ_कांदा_लिंबू
फोटो असला तर टाका की दादांच्या ट्रॉलीचा

शिरोलीपलीकडचा
@चिखलीकर आईंना माझा नमस्कार सांगा. @मिसळ फोटो आहे एक, ट्रॉली अर्धीच दिसते, पण टाकतो.

मातीतला
मी दोन बाईक नेतो डर्ट रेसला. छोटा ट्रेलर, तयार घेतलेला. पट्टे बांधायचं लिहितो कारण लोक दोरी बांधतात न् बाईक वाटेत आडवी होते. पुढचं चाक अडकायला लोखंडी खोबण पाहिजेच. रॅचेट पट्टा (खटक्यानं आवळायचा) हँडलच्या दोन्ही बाजूंनी खाली-पुढं ओढायचा, पुढचं सस्पेन्शन थोडं दबेपर्यंत. पूर्ण दाबू नका, आतले तेलाचे सील जातात. मागं दोन पट्टे नुसते सरकू नये म्हणून. थोडं अंतर गेलं की थांबून परत आवळायचे, पहिल्या खड्ड्यांत ढिले होतातच.
जीपला बॉडीला बांधू नका. ॲक्सलला बांधा, चारी कोपऱ्यांनी. बॉडीला बांधलं की गाडी स्प्रिंगवर नाचते आणि पट्टा कधी ढिला कधी ताठ.

कागलची_ताई
कागदाचं कोणीच बोलेना म्हणून मी लिहिते, पोळ्या लाटता लाटता. आमचं गॅरेज आहे. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्याची व्याख्या आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. ओढणाऱ्या गाडीच्या नंबरावर चालून जाईल हा गैरसमज. लोखंड कापायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, घरी बांधलेल्याला कोणकोणते कागद लागतील. बांधून झाल्यावर विचारणारे आमच्याकडं रडत येतात, वाईट वाटतं बघून. तयार ट्रॉली घ्यायचा खरा फायदा हाच, बांधणारा कागद हातात देतो.
विम्याचं पण. ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर लिहून घ्या. नाहीतर मागच्या ट्रॉलीनं कुणाचं नुकसान झालं तर कंपनी हात वर करते.

उद्यमनगर
ताईंचं शंभर टक्के बरोबर. मी वर "बांधून घ्या" म्हणालो त्याच्या आधी हे वाचा.

पन्हाळारोड
२०२१ ला पण हायवे बंद होता ना शिरोलीला? का मी २०१९ चंच धरायलोय

चिखलीकर
दोन्ही साली. २१ ला जुलैच्या शेवटी.

पन्हाळारोड
व्हय बरोबर. आमची मावशी सांगलीत अडकलेली तेव्हा. किणी टोलपर्यंत ट्रकच ट्रक

ऊसकरी
मी वेगळं सांगतो. माझा चुलतभाऊ हंगामात रात्री मोटारसायकलवरनं घरी येत होता. पुढं उसाची ट्रॉली बंद पडून उभी, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चिखलानं सगळं माखलेलं. तो वाचला, पण पाय गेला. तुमची ट्रॉली कितीही चांगली बांधा, मागचे दिवे पहिल्या दिवसापासून पाहिजेत. ब्रेकलाईट, इंडिकेटर, नंबरप्लेटवर उजेड. वायर चॅनलच्या आतनं पाइपात घालून न्या, बाहेर लोंबती ठेवली की पहिल्याच फांदीला तुटते. लाल रिफ्लेक्टर पट्टी मागं न् दोन्ही बाजूंना. बंद पडली तर मागं ठेवायचा त्रिकोण गाडीतच असू दे. कारखाने दरवर्षी रिफ्लेक्टर वाटतात, लोक घेऊन घरात ठेवतात. कृपा करून लावा.

कागलची_ताई
भाऊ वाचून पोटात तुटलं. आता कसे आहेत ते?

ऊसकरी
बरा आहे ताई. किराणा दुकान काढलंय, पोरगी नववीला आहे, हुशार आहे. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.

मिसळ_कांदा_लिंबू
दंडवत दादा तुमच्या भावाला 🙏

जुना_कारागीर
कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, उभी हयात गेली माझी. इथं ऑइल इंजिनापासून उसाच्या चरकापर्यंत काय बनत नव्हतं? बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला, पहिल्या महायुद्धाच्या काळात. म्हणून माझं मत बांधून घ्या हेच. पोरांना काम मिळतं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत होतं.
तांत्रिक सांगतो. ॲक्सल फळीच्या बरोबर मध्ये घेऊ नका, जरा मागं घ्या. एकूण वजनातलं दहा ते पंधरा टक्के पुढं हुकावर यायला पाहिजे. वजन मागं गेलं की ट्रॉली शेपूट हलवायला लागते, आणि वेग वाढला की ओढणारी गाडी पण घेऊन जाते. जीप चढवली की आधी तपासायचं, हवं तर चार बोटं पुढं-मागं करायची आणि चाकं बसली तिथं फळीवर रंगानं खूण करून ठेवायची.

मातीतला
काका हे वजन मोजायचं कसं घरी?

जुना_कारागीर
वजनकाट्यावर जा. आधी लादलेली ट्रॉली सोडवून पूर्ण काट्यावर उभी करा, सपाट. मग नुसतं ड्रॉबारखालचं टेकायचं छोटं चाक काट्यावर, बाकी ट्रॉली बाहेर. दुसरा आकडा भागिले पहिला. शिरोलीत एमआयडीसीत काटे आहेत, पैसे किरकोळ.

मातीतला
🙏 ह्या रविवारीच करतो

हातकणंगले_२
जुनी घेणार असाल तर. चेसिसवर कोरलेला नंबर न् आरसी एकच आहे का बघा, खरवडलेला असला तर तिथनंच परत या. टायर एका बाजूनं झिजलेले असले तर ॲक्सल वाकलाय. जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा, खटखट आली तर बेअरिंग. स्प्रिंगच्या पाट्यांमधलं एखादं पान तुटलंय का बॅटरी मारून बघा. पुरात उभी असलेली ट्रॉली स्वस्तात मिळते, घ्यायला हरकत नाही, पण चाकाचा हब (बेअरिंग बसतं तो मधला भाग) उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. पाणी आत राहतं न् बेअरिंग आतनं गंजतं. वरनं कळत नाही.

रंकाळाकाठ
ब्रेकचं? ट्रॅक्टरमागं कुणी ब्रेक लावलेला बघितला नाही मी

उद्यमनगर
ट्रॅक्टर हळू जातो, वजनदार आहे, भागतं कसंतरी. पण एसयूव्हीमागं टनाची जीप घेऊन घाट उतरायचा असेल तर ब्रेक पाहिजेच. ओव्हररन ब्रेक घ्या. पुढची गाडी थांबली की ट्रॉली हुकावर ढकलते, त्याच दाबानं तिचे ब्रेक लागतात, वेगळं पेडल नको. शिवाय हुकाखालनं दोन साखळ्या, एकमेकींवरनं फुलीसारख्या. हुक निसटला तर ड्रॉबार रस्त्यात रुतत नाही, साखळीच्या झोळीत राहतो. आणि आधी तुमच्या गाडीची ओढायची मर्यादा किती ते कंपनीच्या पुस्तकात बघा.

शिरोलीपलीकडचा
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या सकाळी आधी आरटीओ, ताईंच्या सांगण्याप्रमाणे. मग उद्यमनगरात. @उद्यमनगर तुमच्या शॉपवर आलो तर चालेल का?

उद्यमनगर
या की. दुपारी दोननंतर या, सकाळी कटिंग चालू असतं. चहा आमच्याकडं.

पन्हाळारोड
रिव्हर्स घ्यायला कोण शिकवणार पण? आमच्या मेव्हण्याला येतं, मला जमत नाही सांगायला, उलटं उलटं जातंय म्हणतात सगळे

जुना_कारागीर
सोपं आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रॉलीचं बूड डावीकडं पाहिजे तर हात डावीकडं, उजवीकडं पाहिजे तर उजवीकडं. थोडं थोडं फिरवायचं, हळू. काटकोन व्हायला लागला की थांबून पुढं घ्यायचं, सरळ करून परत. ड्रॉबार लांब असला की सोपं जातं, आखूड ट्रॉली लगेच दुमडते. मोकळ्या मैदानावर रिकाम्या ट्रॉलीनं सवय करा, जीप नंतर चढवा.

पन्हाळारोड
काका भारी. मेव्हण्याला हेच पाठवतो आत्ता.