रक्तात जेई (जपानी मेंदूज्वर) पॉझिटिव्ह, पाठीच्या पाण्यात निगेटिव्ह, खरं कोणतं धरायचं?

कळमेश्वरकर:
भाच्याला परवापासून ताप, काल झटके आले म्हणून नागपूरला आणलं, आयसीयूत आहे. रक्तात जेईचं आयजीएम (इन्फेक्शन झालं की शरीर आधी बनवते ती अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आलं पण पाठीतून पाणी काढलं त्यात निगेटिव्ह, आणि आता डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा पाणी काढू म्हणून राहिले. आजी म्हणते पाठीत सुई टोचली की पोरगं जन्मभराचं अधू होते. रक्तात आलं तेवढं पुरे नाही का? काहून पुन्हा?

लॅबवाली_ताई:
दादा, रक्तातलं आयजीएम लस घेतली असेल तरी येते, नाहीतर डास चावून हलकं इन्फेक्शन होऊन गेलं, कळलंही नाही, तरी येते. आयजीएमचा रेणू भलामोठा, रक्तातून मेंदूच्या पाण्यात सहजी उतरत नाही, म्हणून पाण्यात सापडलं की ते तिथंच तयार झालं असं धरतात. फक्त त्याला वेळ लागते. पहिल्या तीन-चार दिवसांत बरेचदा निगेटिव्हच, आठवडा-दहा दिवसांत बहुतेकांत दिसते. ताप परवाचा आहे तर या निगेटिव्हवर काहीच ठरत नाही.
सुई कमरेत खाली टोचतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपते. आजींना हेच सांगा.

संत्राबर्फी:
जेईच धरून बसू नका बावा. मेंदूज्वर देणारा चांदीपुरा व्हायरस तर १९६५ मध्ये आपल्या नागपुरातच सापडलेला, तो इतक्या झपाट्याने घेते की अँटिबॉडी बनायला वेळच भेटत नाही, त्याला पीसीआरच (थेट व्हायरसचा अंश शोधणारी टेस्ट) लागते. हर्पिस व्हायरसचंही सुरुवातीला पाण्याचं पीसीआर, आणि त्याचं औषध ॲसायक्लोविर रिपोर्टची वाट न पाहता सुरू करतात. पेशंट खूप उशिरा आला, पीसीआर निगेटिव्ह यायला लागलं, तर मग हर्पिसमध्ये पाण्यातली अँटिबॉडी कामाची. स्क्रब टायफसचंही (बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा ताप) विचारून घ्या, २०१८ मध्ये नागपुरात किती केसेस होत्या आठवते ना, त्याची टेस्ट रक्तातच होते.

कळमेश्वरकर:
ॲसायक्लोविर सुरू आहे. पण पहिलं पाणी लालसर आलं होतं म्हणे, त्यानं निगेटिव्ह आलं का?

लॅबवाली_ताई:
नाही, उलट. रक्त मिसळलं तर रक्तातल्या अँटिबॉडी पाण्यात येऊन खोटं पॉझिटिव्ह येऊ शकते. पुढच्या वेळी पाण्यासोबत त्याच दिवशीचं रक्तही पाठवतात का विचारा, दोन्हींची तुलना करता येते. आणि जेईची लस कधी घेतली ते डॉक्टरांना सांगितलं का?

कळमेश्वरकर:
शाळेत कोणतीतरी टोचली होती, कोणती ते कोणालाच माहीत नाही. कार्ड घरी आहे, भाऊजींना फोटो पाठवायला लावतो.