एचआरच्या भरवशावर राहायचं, की राज्याच्या खात्याकडे तक्रार करायची?

रानवारा: कॅलिफोर्नियातल्या एका मैत्रिणीचं प्रमोशन 'तुझे उच्चार क्लायंटला कळत नाहीत' म्हणून अडवलं. त्याच क्लायंटचे कॉल ती रोज एकटी सांभाळते! एचआर म्हणतं, चौकशी चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे: वाट बघत बसू नका, राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे (भेदभावाच्या तक्रारी घेणारं नागरी हक्क खातं) तक्रार करा. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. तिथे ३ वर्षांची मुदत आहे. पण ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय आयोगाकडे, जायचं तर कॅलिफोर्नियात ३०० दिवसच मिळतात, आणि एचआरची चौकशी चालू आहे म्हणून ते मोजायचे थांबत नाहीत.

तांबडफुटी: दुसऱ्याला सांगणं सोपं आहे. एच-१बीवरच्या, म्हणजे कंपनीच्या नोकरीवर टिकणाऱ्या कामाच्या व्हिसावरच्या, माणसाची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर मुलांची शाळा अर्धवट सोडून गाशा गुंडाळायचा. खात्याची चौकशी तोवर सुरूही झालेली नसते. मी तर म्हणेन, आधी गुपचूप दुसरी नोकरी बघा.

रानवारा: तक्रार केली म्हणून काढणं हाही कायद्याचा भंगच आहे. व्हिसा कुठला, याने राज्याच्या कायद्याचं संरक्षण कमी होत नाही.

तांबडफुटी: कागदावर. 'काम समाधानकारक नाही' असा शेरा मारून काढतात, मग सूड उगवला हे सिद्ध करत बसा.

शेवंती: म्हणून तर आधीचे चांगले शेरे महत्त्वाचे. तारीख, नेमके शब्द, समोर कोण होतं, हे सगळं त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहा. कंपनीच्या गोपनीय मेल मात्र घरच्या पत्त्यावर पाठवू नका, तेच निमित्त करतात. आणि ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे तक्रार झाली असं नाही. खातं मुलाखत घेतं, मसुदा पाठवतं, त्यावर सही लागते. 'लगेच दावा दाखल करण्याची परवानगी' हा पर्याय वकिलाला विचारल्याशिवाय निवडू नका. तो घेतला की खातं चौकशी करत नाही, आणि राज्याच्या कायद्याखाली कोर्टात जायला १ वर्ष उरतं.

तांबडफुटी: वहीचं पटलं. पण सही मी नवीन ऑफर हातात आल्यावरच करेन.

रानवारा: करा, फक्त ईईओसीचा मार्गही हवा असेल तर ३०० दिवसांच्या आत. तिच्या नकाराला सात महिने झालेत, तिला मी थांब म्हणणार नाही.